लाल डोक्याच्या खुंट्या

मातीत टाकली की नाहीशी होईल अशी पिशवी बनवणं, ह्या एका गोष्टीत माझं उभं आयुष्य गेलं. हे मी लग्नकार्यात कुणाला सांगितलं की समोरचा श्रीखंडाची वाटी चाटत म्हणतो, "म्हणजे कच्ची पिशवी?" आता मी सांगणंच सोडलं आहे. विचारलंच कुणी तर म्हणते, कॉलेजात शिकवते. तेवढ्यावर देवासच्या मराठी मंडळींचं समाधान होतं, आणि ते लगेच स्वतःच्या पणजोबांकडे वळतात. देवासला दोन गाद्या होत्या हे खरं, पण ज्या घरी जावं तिथले पणजोबा कारभारी. सगळेच कारभारी होते तर घोड्याची लीद कोण काढत होतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या पिशवीचा कच्चा माल साधा. चिंचोक्यांची पूड पाण्यात शिजवली की बुळबुळीत खळ होते, बाग गावचे कापड छापणारे तिच्यासारखीच खळ रंगात घालतात. तिच्यात सोयाबीनचं प्रथिन मिसळायचं, काचेवर पातळ पसरून वाळवायचं, की कागदासारखा पापुद्रा सुटतो. रोपवाटिकेत काळ्या पॉलिथिनच्या पिशव्या असतात ना, त्यांच्या जागी ही वापरायची. रोप पिशवीसकट लावा, पिशवी मातीत जिरेल. सांगायला दोन वाक्यं, करायला माझी पंधरा वर्षं आणि माझ्या विद्यार्थिनीची पाच.

ही मुलगी धारकडच्या मनावर गावची. तिचे पूर्वज धारच्या दरबाराबरोबर शिंपीकामाला आलेले. वडील लवकर गेले, आई घरी ब्लाउज शिवते. मुलगी हिंदी शाळेत शिकली, त्यामुळे मराठी बोलते ती निम्मी हिंदी, आणि वाचायला दिलं तर बोट ठेवून वाचते. पण प्रयोगशाळेत हात असा की बघत राहावं. तिची पीएचडीची मुदत त्या वर्षी संपत होती. आईनं एक स्थळ पक्कं करून ठेवलं होतं आणि सांगितलं होतं की ह्या खेपेला झालं तर झालं, नाही तर पुरे ती पढाई. म्हणजे त्या वर्षीचा शेवटचा प्रयोग हुकला की मुलीची पाच वर्षं पाण्यात आणि मुलगी कुठल्याशा किराणा दुकानाच्या माडीवर. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि आम्ही त्यावर कधी बोलत नसू.

तो शेवटचा प्रयोग म्हणजे पट्ट्या पुरण्याचा. आमच्या पापुद्र्याच्या पट्ट्या कापायच्या, नायलॉनच्या जाळीच्या पाकिटात घालायच्या, वीतभर खोल पुरायच्या. शेजारी तुलनेसाठी साध्या काळ्या पॉलिथिनची पट्टी पुरायची. मग ठरलेल्या काळानं एकेक जोडी उकरून काढायची, धुवायची, वाळवायची आणि वजन करायचं. आमची पट्टी जितकी कमी होईल तितकं आमचं यश. सगळ्या जगात यश म्हणजे काहीतरी उरणं, आमच्यात काही न उरणं. ह्यासाठी एकच गोष्ट लागते, वर्षभर कुणी हात लावणार नाही असा उघड्या मातीचा तुकडा.

तो आमच्या कॉलेजात मिळेना. आमच्या प्राचार्यांना मातीचं वावडं आहे. जिथे म्हणून माती दिसली तिथे त्यांनी सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले, आणि त्या ठोकळ्यांवर पर्यावरण दिनाचा भला मोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्स प्लॅस्टिकचा. मी दाखवलं तर म्हणाले, मॅडम, आपण फार निगेटिव्ह आहात. टोंकखुर्दच्या एका शेतकऱ्यानं जागा दिली, पण त्याच्या मुलानं पुढच्याच आठवड्यात ट्रॅक्टर फिरवला. शेवटी मी धारच्या काकांना गाठलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. धारला आमच्या घराण्याचं एक लहानसं दत्ताचं देऊळ आहे, त्याची पूजाअर्चा त्यांच्याकडे. देवळामागे काळ्या मातीची मोकळी जागा. माझी पन्नाशी उलटली तरी ते मला बेबी म्हणतात आणि मी चहाला बसले की, "घटकाभर विसावा घे, मग आचमन कर," असलं मराठी बोलतात, जे महाराष्ट्रात आता कुणाला कळणार नाही. जागा त्यांनी लगेच दिली. त्या जागेवर वॉर्डाच्या पार्षदाचा, म्हणजे नगरसेवकाचा, डोळा होता, त्याला तिथे पार्किंग करायचं होतं, हे मात्र त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही.

जूनच्या आधी आम्ही पट्ट्या पुरल्या. कुठली कुठे आहे हे कळावं म्हणून प्रत्येक जागी लाकडी खुंटी ठोकली. पावसाळ्यात गवत माजतं, त्यात खुंट्या दिसाव्यात म्हणून मुलीनं त्यांची डोकी रंगवली. घरी ऑइलपेंटचा एकच डबा उरला होता, तिनं तोच आणला. लाल. मी उभी होते, मी बघत होते, आणि माळव्यात जन्म काढूनही दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. देवळामागे, काळ्या मातीत, लाल डोक्याच्या खुंट्या ओळीनं. मालेगावला किंवा मद्रासला त्याला खुंट्याच म्हणाले असते.

पहिल्या काही जोड्या ठीक निघाल्या. आमची पट्टी आधी धूसर, मग भोकाभोकांची. मुलगी खुश. भाद्रपदात गेलो तर एका खुंटीपुढे अगरबत्ती. मी ती उपटून फेकली. आश्विनात गेलो तर प्रत्येक खुंटीला खरा शेंदूर, पुढे लिंबू आणि नारळाची शकलं. चौकशी केली तेव्हा शेजारच्या घराच्या सूनबाईंनी सांगितलं की देवासहून एक बाई येते, बरोबर एक कुँवारी मुलगी असते, दोघी तोंडाला फडकं बांधून जमिनीतून काहीतरी काढतात, चिमट्यानं पाकिटात घालतात, बोलत नाहीत, आणि निघून जातात. हे ती मलाच सांगत होती. मी म्हटलं, ती बाई मीच. त्यावर तिनं डोक्यावर पदर घेतला.

मी रीतसर पाटी लावली. हिंदीत, मोठ्या अक्षरांत, की हा वैज्ञानिक प्रयोग आहे, हात लावू नये. पुढच्या खेपेला पाटीला हार घातलेला होता. कुणीतरी मोबाइलवर त्याचं रीळ काढलं, 'धार में प्रकट हुए भेरूबाबा' म्हणून, भेरू म्हणजे आपला भैरव, आणि ते इतकं फिरलं की आमच्या प्राचार्यांनीही मला पाठवलं, खाली हात जोडल्याचं चित्र. जोडीला लिहिलं होतं की सकाळी सकाळी दर्शन घ्यावं. ह्या माणसानं रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे, निदान तसं त्याच्या दारावर लिहिलं आहे.

मग कार्तिकात ओटला झाला. मोहल्ल्यातल्या उत्साही भियांनी, म्हणजे दादा मंडळींनी, वर्गणी न मागता विटा आणल्या, सिमेंट आणलं, आणि उरलेल्या खुंट्यांच्या भोवती चांगला कमरेएवढा चौथरा बांधून वर टाइल्स लावल्या. बाथरूमच्या टाइल्स, फुलाफुलांच्या. त्या ओटल्याच्या खाली आमची शेवटची जोडी होती. ती माघात काढायची होती आणि तिच्याशिवाय तक्ता पुरा होत नव्हता. तक्ता नाही तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर ते किराणा दुकान. मुलीनं ओटला पाहिला, त्याच्या भोवती एक फेरी मारली, आणि पावलांनी त्याची लांबीरुंदी मोजून वहीत लिहिली.

मी कुणाकुणाकडे गेले नाही? प्राचार्य म्हणाले, श्रद्धेचा विषय आहे, कॉलेजचं नाव मध्ये नको. पार्षदाकडे गेले. मला वाटलं, ह्याला तर पार्किंग हवं आहे, हा तरी मोडेल. तो हुशार निघाला. मतदार जिकडे, तिकडे हा, तो आदल्या रविवारीच ओटल्याला नारळ फोडून आला होता. मी त्याला मातीतले जिवाणू समजावले तर त्यानं मला पेढा दिला. शेवटी मी काकांना जाब विचारला. म्हटलं, तुम्ही दत्ताचे पुजारी, तुमच्या देवळामागे हे थोतांड उभं राहतं आणि तुम्ही वरून त्याला दिवा लावता?

काका सुपारी कातरत होते. ते शांतपणे म्हणाले, "बेबी, शेंदूर लागला म्हणून जागा राहिली. तुझ्या शास्त्रावर सोडली असती तर एव्हाना इथे मोटारी उभ्या असत्या, आणि तुझ्या पट्ट्या डांबराखाली."

मला त्यांचा संताप आला, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी म्हटलं, जागा तुमची वाचली, मुलगी माझी बुडतेय. ते म्हणाले की मुलीचं वाईट वाटतं, पण ओटला मोडायला लावला तर लोक त्यांनाच मोडतील. तेवढं म्हणून त्यांनी सुपारी तोंडात टाकली. मी चहा न घेता निघाले.

माघात एका रविवारी मुलीचा फोन आला की मॅडम, धारला जायचं, आज आरतीला. इंदूरच्या बसस्टँडवर भेटलो तर बरोबर तिची आई. आईला मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. पाच वर्षांत ती बाई एकदाही प्रयोगशाळेत आली नव्हती. मी बोलावलं होतं, दोनदा तर मनावरला निरोप पाठवला होता, तर म्हणे शिलाईतून फुरसत नाही. भेरूबाबाचं रीळ पाहून मात्र फुरसत निघाली, पहाटेच्या बसनं आली, नवं लुगडं नेसून. मला तिच्याशी बोलवेना. घाटाबिल्लोदच्या पुढे मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, खुरपी रख ली ना? आणि जाळीची पाकिटं?" मला वाटलं, मुलीचं डोकं फिरलं बिचारीचं.

आरतीला शंभरेक माणसं असतील. ढोल, घंटा, धूर. काका ताम्हन घेऊन उभे, अंगावर सोवळं, चेहरा निर्विकार. मी मागे भिंतीला टेकून होते आणि मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करत होते. बँकेतून निवृत्त झालेला एक मराठी गृहस्थ टाळ वाजवत होता, ज्यानं मला एकदा ऐकवलं होतं की आपण लोक मुळात बुद्धिवादी.

आणि माझ्या शेजारून ती गेली. केस सोडलेले. ढोलाच्या तालावर आधी मान, मग खांदे, मग सगळी मुलगी घुमायला लागली. लोक बाजूला झाले. मी तिच्या मागे धावणार, तेवढ्यात ती ओटल्यावर दोन्ही हात आपटून अशा आवाजात ओरडली की ढोल थांबला.

"म्हारा माथा पे यो कई बोझो धर्यो हे? खोलो!"

माझ्या डोक्यावर हे ओझं काय ठेवलंत, उघडा. मनावरच्या घरातली, आजीची माळवी बोली. पाच वर्षांत तिनं माझ्यासमोर ती कधी वापरली नव्हती, लाज वाटायची तिला. आता ती त्या बोलीत हुकूम सोडत होती, आणि कारभाऱ्यांचे पणतू हात जोडून थरथरत होते. कुणीतरी भीत भीत विचारलं, बाबा, काय चूक झाली? ती म्हणाली, श्वास कोंडतोय, माती मोकळी करा. मी सांगते, त्या मुलीनं पुऱ्या भाषणात एक शब्द खोटा वापरला नाही. जिवाणूंना हवा लागतेच.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पहिल्या हाकेलाच कळलं होतं, ते काही कालचे पुजारी नव्हेत. त्यांनी नुसतं, "पोरी, ऊठ," म्हटलं असतं तर खेळ तिथेच संपत होता. त्यांनी ताम्हन खाली ठेवलं आणि खणखणीत आवाजात पहार मागवली. पहिला घाव त्यांनी घातला. घालता घालता तिच्या तोंडून आणखी एक गोष्ट वदवून घेतली, की बाबांना ह्या जागेवर ना ओटला हवा, ना छप्पर, ना गाडी, जागा कायमची उघडी हवी. तिनं मान हलवली. एका दगडात किती पक्षी मारावेत माणसानं! पार्षद पुढेच उभा होता, त्यानंही मान हलवली.

ज्यांनी बांधला होता त्याच भियांनी ओटला अर्ध्या तासात फोडला. फुलाफुलांच्या टाइल्सचे तुकडे लोकांनी घरी नेले. मग ती घुमत घुमतच खाली बसली, कुणी हात लावायचा नाही म्हणाली, आणि माझ्याकडे हात केला. मी खुरपी दिली. नास्तिक म्हणून सगळ्या नात्यात बदनाम झालेली मी, भेरूबाबाला खुरपी देत होते, आणि लोक मला वाट करून देत होते. तिनं नेमक्या जागी उकरलं. सगळं अंग घुमत होतं, मनगट मात्र इतकं स्थिर की जाळीला ओरखडा नाही.

आमचं पाकीट निघालं. आत जाळीदार, कोळ्याच्या घरासारखं थोडंसं काहीतरी, बाकी सगळी माती. मला तिथेच नाचावंसं वाटलं. लोकांचे चेहरे पडले. कुणीतरी म्हणालं, अपशकुन, बाबा सडले. तेवढ्यात दुसरं पाकीट निघालं, पॉलिथिनचं. तिनं पुसलं आणि पट्टी जशीच्या तशी, काळी कुळकुळीत, चकाकती. एवढे महिने जमिनीत राहून काही म्हणजे काही झालं नव्हतं. गर्दीनं जयजयकार केला. कालाभेरू, अक्षय रूप! एका म्हातारीनं डोळे पुसले. रोपवाटिकेतली, किलोच्या भावानं मिळणारी पिशवी ती. काकांनी ती ताम्हनात घेतली, आणि आता काचेच्या पेटीत ठेवली आहे. मी ती परत मागितली नाही, पॉलिथिनचं वजन घटत नाही हे सिद्ध करायला मला ती पट्टी लागत नव्हती.

आमचं पाकीट माझ्या पर्समध्ये गेलं. मुलगी जमिनीवर कोसळली, जसं कोसळायचं असतं तसं, आणि मग ते झालं जे तिनं धरलं नव्हतं. गर्दीतून तिची आई आली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली. मुलीनं पाय आखडून घेतले. आईनं ते पुन्हा ओढून कपाळाला लावले.

परतीच्या बसमध्ये आईनं मुलीला खिडकीची जागा दिली आणि स्वतः पुढ्यात पिशव्यांवर बसली. सोयरिकीचं काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, मोडली समजा, ज्या अंगात बाबा येतात ते असं कुणाच्या घरी भांडी घासायला द्यायचं का? आता हिला जितकं शिकायचं तितकं शिकू दे. पाच वर्षं मी त्या बाईला शिष्यवृत्ती, नोकरी, पेटंट, सगळं समजावून थकले होते. मला हसावं की बसमधून उडी मारावी ते कळेना.

आई देवासला राहिली. दुसऱ्या दिवशी पट्टी धुऊन वाळवायला ठेवली, आणि ती वाळल्यावर वजन करायचं त्या सकाळी पहिल्यांदाच ती प्रयोगशाळेत आली. चपला दाराबाहेर काढून. स्टुलावर बसली आणि मुलीकडे बघत राहिली, हात जोडून. वजन झालं. अपेक्षेपेक्षा चांगलं आलं. सूक्ष्मदर्शकाखाली फोटो झाले. तक्ता पुरा झाला. प्रबंधात आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं की शेवटच्या टप्प्यात स्थानिक कारणामुळे जमिनीवर सिमेंटचं आच्छादन होतं. परीक्षकानं त्यावर काही विचारलं नाही, त्यानं ते वाचलंच नसावं.

पण ते पुढचं. त्या सकाळी मुलगी आईपुढे जमिनीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती रागावलेलीही होती. तिनं सांगितलं की अंगात काही आलं नव्हतं, सगळं नाटक होतं, पट्टी काढायला केलं. आई समजूतदारपणे हसली. "बाबा असंच सांगतात. कबूल कधी करतात का?" असं म्हणाली, आणि पुन्हा हात जोडले.

मग मुलीनं तो उरलेला पापुद्रा चिमट्यानं उचलला आणि आईच्या तळहातावर ठेवला.

"आई, हे बघ. पाच साल मी हेच करत होते. हे मी केलं."

आईनं तळहाताकडे पाहिलं. खरंच पाहिलं, नीट, सुईत दोरा ओवताना बघतात तसं. आईनं तो पापुद्रा कपाळाला लावला, डोळे मिटले, आणि तोंडात टाकला.

चिंचोके आणि सोयाबीन, अपाय काही होणार नव्हता. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि तिच्या आईला प्यायला दिलं.